धबधब्याआधी परतीची वाट : इंदूरहून निघणाऱ्या पावसाळी कयाक मोहिमेचा क्रम

महूच्या घाटात पहिला दमदार पाऊस पडला, की इंदुरातले चार-पाच कयाकपटू (कयाक म्हणजे दोन्हीकडे पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद बोट) जमतात, कोणाच्या तरी मोबाइलवर धबधब्यावरून झेपावणाऱ्या बोटीची चित्रफीत फिरते आणि तिथूनच नियोजन सुरू होते. आधी धबधबा ठरतो, मग तारीख, मग गाडी, मग बोटी. नदीतून बाहेर कुठे पडायचे हा प्रश्न मात्र पाण्यात उतरल्यावरच आठवतो. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून निघालेल्या असतात. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत आणि एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

उदाहरणे दोन प्रकारच्या नद्यांची घेतली आहेत. एक घराजवळची चोरल, जी विंध्याच्या कड्यावरून पाताळपाणीला कोसळून नर्मदेकडे जाते. आणि दुसऱ्या, केरळात कोळिक्कोड जिल्ह्यातल्या चालिपुळा व इरुवंजिप्पुळा, ज्यांवर मलबार रिव्हर फेस्टिव्हलच्या शर्यती होतात. दोन्हीकडच्या नद्या आखूड, उताराच्या आणि पावसावर तासातासाला बदलणाऱ्या आहेत.

## टप्पा 1 : आपली पायरी ठरवणे

इंदूरकडचे बहुतेक जण महेश्वरच्या सहस्रधारेत शिकतात. जागा उत्तमच आहे. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली कॅनो स्लॅलम (वेगवान पाण्यात टांगलेल्या खांबांमधून बोट नेण्याची शर्यत) तिथेच झाली. पण तिथे पाणी ओळखीचे, काठ मोकळा आणि हाक मारली की धावून येणारा माणूस जवळ असतो. अनोळखी घळीत यातले एकही नसते. नदीचे प्रवाह 1 ते 6 अशा श्रेणींत मोजले जातात आणि 6 ही जवळपास अशक्य मानलेली श्रेणी आहे. माझा नियम असा, की ओळखीच्या जागी जी श्रेणी सहज जमते, तिच्याहून एक श्रेणी कमी असलेली नदीच मोहिमेसाठी निवडावी, कारण दुर्गम जागी खांदा निखळला तर जखमी माणसाला रस्त्यावर आणण्यातच दिवस जातो.

पात्रता घरीच तपासता येते. उलटलेली बोट कंबरेच्या झटक्याने सरळ करणे, म्हणजे रोल, वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी वीसपैकी अठरा वेळा जमला पाहिजे. पोहण्याच्या तलावातला रोल मोजू नये. खडकामागे उलट वळून शांत होणारे पाणी, ज्याला सगळे कयाकपटू एडी म्हणतात, त्यात ठरवलेल्या जागीच बोट आणता आली पाहिजे. रोल चुकला तर आणखी एक संधी मिळू शकते. धबधब्याच्या तोंडावरची शेवटची एडी चुकली, तर मिळत नाही.

तपासणी : चमूतला सर्वांत कच्चा माणूस ज्या श्रेणीवर निवांत आहे, ती चमूची श्रेणी. सर्वांत तरबेज माणसाच्या जिवावर नदी निवडू नये.

## टप्पा 2 : नदी कागदावर वाचणे आणि बाहेर पडण्याच्या जागा शोधणे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नकाशावर पहिली खूण उतरण्याच्या जागेची करू नये. बाहेर पडण्याच्या जागांची करावी. नदीच्या दोन्ही काठांवर पायवाट, शेत, पूल किंवा वस्ती कुठे आहे ते पाहावे आणि अशा दोन जागांमधले अंतर किती, ते लिहून ठेवावे. अनोळखी उताराच्या नदीत पाहणी करत, बोटी उचलत जाणारा चमू तासाला एक किलोमीटरच्या आसपासच सरकतो. सहा किलोमीटरच्या पट्ट्याला सहा तास आणि वर दोन तास राखीव धरले, तर सकाळी आठला उतरणारा माणूस दुपारी चारला बाहेर येतो, आणि घळीत पावसाळ्यात चारलाच अंधारून आलेले असते. हे गणित जमत नसेल तर पट्टा लहान करावा. वेग वाढवून ते जमवण्याचा प्रयत्न करू नये.

यानंतर उतार काढावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) साधारणपणे 20 मीटरच्या अंतराने असतात. त्यामुळे किलोमीटरमागे किती मीटर उतार आहे याचा अंदाज येतो, पण 12 मीटरचा उभा धबधबा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो, हे ध्यानात ठेवावे. उपग्रहचित्रावर पांढरा फेसाचा पट्टा दिसतो, परंतु पावसाळ्यातली चित्रे ढगांनी झाकलेली असतात आणि हाती येणारे स्वच्छ चित्र बहुधा हिवाळ्यातले, म्हणजे ओसरलेल्या नदीचे असते. चित्राची तारीख पाहिल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नये.

उष्ण प्रदेशातल्या नद्यांचा एक फायदा फार थोडे जण घेतात. यातल्या पुष्कळ नद्या मे महिन्यात आटतात, आणि जुलैत ज्या तळावरून बोट न्यायची आहे, त्याच तळावरून मेमध्ये चपला घालून चालता येते. चोरलसारखी नदी तर इंदूरकरांच्या एका रविवारची आहे. चालताना पावसाळ्यात दिसणार नाही तेवढेच टिपावे: खालून पोखरलेले खडक, दगडांच्या राशीतल्या अरुंद फटी, फांद्या अडकून बसतील अशा जागा आणि धबधब्याखालच्या डोहाचा तळ. माळव्याच्या बसाल्टमध्ये रांजणखळगे आणि आत झुकलेल्या भिंती जास्त सापडतात; मलबारकडे मोठमोठ्या गोट्यांच्या राशी असतात, ज्यांतून पाणी जाते आणि माणूस अडकतो. अशा जागांना आम्ही सरळ चाळण म्हणतो.

वरच्या अंगाला धरण आहे का, हा यापुढचा प्रश्न. 2005 च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला नर्मदेकाठी जमलेले पन्नासहून अधिक यात्रेकरू इंदिरा सागर धरणातून सुटलेल्या पाण्यात बुडाले. त्या दिवशी पाऊस नव्हता, आकाश स्वच्छ होते. धरणाखालच्या नदीत पाणी कधी सुटते हे धरणावर जाऊन विचारावे. गावातल्या माणसाचे ‘रोज दुपारी येतं’ एवढे उत्तर पुरेसे धरू नये.

शेवटी परवानग्या. पात्राचा काठ वनखात्याचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आणि नसेल तर निदान पंचायतीला सूचना हवी. दुर्गम भागात संपर्कासाठी परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जाण्याचा मोह होतो, पण भारतात तो परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. त्याऐवजी मोबाइलची रेंज नदीच्या कोणत्या वळणावर मिळते हे आधीच तपासून नकाशावर टिपावे. आपत्कालीन क्रमांक 112.

सावधान : कोणी दोन वर्षांपूर्वी ही नदी केली होती, एवढ्यावर विसंबू नये. 30 जुलै 2024 रोजी वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमला भागात दरडी कोसळल्या आणि त्यांचा गाळ, दगड व ओंडके चालियार नदीने कित्येक किलोमीटर खाली नेले. अशा एका रात्रीनंतर त्या पात्राचे जुने टिपण निरुपयोगी ठरते.

## टप्पा 3 : चमू आणि इंदुरात बसलेला माणूस

पाण्यात किमान चार आणि फार तर सहा जण असावेत. तिघांत एक जखमी झाला, तर त्याच्यापाशी एक थांबतो आणि मदतीला जाणारा एकटा पडतो. सहांहून अधिक बोटी झाल्या, तर एका एडीत मावत नाहीत. काठावर दोन माणसे आणि एक गाडी, आणि ती गाडी बाहेर पडण्याच्या जागी आधीच नेऊन ठेवलेली. किल्ली गाडीवाल्याकडेच राहील हेही पाहावे. भिजलेल्या लाइफ जॅकेटच्या खिशात किल्ली घेऊन उतरलेल्या महाभागाला मी ओळखतो, आणि तो मीच आहे.

याशिवाय इंदुरात एक माणूस हवा, ज्याच्याकडे पट्ट्याचा नकाशा, सर्वांचे रक्तगट, घरचे क्रमांक, जवळच्या पोलीस ठाण्याचा व रुग्णालयाचा क्रमांक आणि बाहेर पडण्याची ठरलेली वेळ लिहून दिलेली असेल. माझ्या मोहिमांत हे काम माझी मोठी बहीण करते. ती दर तासाला ‘पोचलास का रे’ म्हणून फोन करत नाही. ठरलेल्या वेळेवर दोन तास उलटले की कागदावरचा पहिला क्रमांक फिरवते. असाच माणूस निवडावा. घाबरटही नको आणि ‘येतील हो’ म्हणून झोपणाराही नको.

## टप्पा 4 : सामान

उताराच्या नदीसाठी साधारण अडीच ते पावणेतीन मीटर लांबीची, गोलसर तळाची आणि भरपूर तरंगणारी प्लॅस्टिकची कयाक लागते. तलावातली लांब, निमुळती बोट इथे निरुपयोगी, आणि हवा भरलेली बोट टोकदार बसाल्टवर त्याहून निरुपयोगी. बोटीच्या मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या फुगवून बसवाव्यात, म्हणजे पाणी भरले तरी बोट बुडत नाही.

अंगावर पूर्ण कान झाकणारे हेल्मेट, खांद्याच्या पट्ट्या घट्ट ओढल्या तरी वर न सरकणारे लाइफ जॅकेट, टाच झाकणारे बूट, शिट्टी आणि जॅकेटवर हाताला येईल अशी लहान सुरी असावी. पाण्यात थंडी वाजणार नाही हा उष्ण प्रदेशातला मोठा गैरसमज आहे. चार तास भिजून घळीत सावलीला उभे राहिल्यावर जुलैतही दात वाजतात आणि बोटे गाठ सोडवीनाशी होतात.

चमूत मिळून पुढील वस्तू हव्यात: प्रत्येकाकडे 15 ते 20 मीटर दोराची थ्रो बॅग (वाहत जाणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी), दोघांत एक सुटे होणारे जादा वल्हे, चार कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), दोन पुली, दोन प्रुसिक दोर (मोठ्या दोरावर आवळून बसणारे बारीक दोर) व दोन पट्ट्या, लहान करवत, प्रथमोपचाराची पेटी, हेडलॅम्प आणि एक रात्र काढता येईल एवढे प्लॅस्टिकचे आच्छादन. खाण्यात दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि शेव उत्तम, कारण पाणी लागले तरी त्यांतले काहीतरी खाण्याजोगे उरते. गढूळ पाणी तुरटीने निवळून, मग उकळून प्यावे. नुसत्या तुरटीने जंतू मरत नाहीत.

तपासणी : बोटीवर बसून कंबरेभोवतीचा स्प्रे स्कर्ट (बोटीत पाणी शिरू न देणारे आच्छादन) ताणून बसवल्यावर त्याची ओढायची पट्टी बाहेर राहिली आहे का, हे शेजारच्याने हाताने ओढून पाहावे. ती आत राहिली तर उलटलेल्या बोटीतून बाहेर पडताच येत नाही. नजरेने पाहणे पुरेसे नाही.

## टप्पा 5 : प्रवास आणि आरोग्य

गाडीच्या टपावर बोटी आडव्या, कुशीवर ठेवून रुंद पट्ट्यांनी बांधाव्यात. दोर बांधल्यास तो ताणला जाऊन पन्नास किलोमीटरवर सैल पडतो. पहिल्या चहाला थांबल्यावर पट्ट्या पुन्हा आवळाव्यात.

आरोग्याची तयारी निघण्याच्या तीन आठवडे आधी व्हावी. पावसाळी नद्यांतला मुख्य धोका लेप्टोस्पायरोसिसचा आहे. हा आजार उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, अंगावरच्या खरचटण्यांतून शिरतो. 2000 साली मलेशियाच्या साबा प्रांतात झालेल्या इको-चॅलेंज या साहसस्पर्धेनंतर ज्या 189 स्पर्धकांशी संपर्क साधता आला, त्यांतल्या 80 जणांत या आजाराची लक्षणे आढळली, आणि सेगामा नदीत पोहणे हा त्यातला ठळक धोका निघाला. प्रतिबंधक गोळी घ्यावी का आणि कोणती, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. धनुर्वाताचे इंजेक्शन अद्ययावत असावे.

सापांबाबत एक बारकावा. आपल्याकडे साप चावल्यावर देतात ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. केरळच्या ओल्या जंगलात सापडणाऱ्या उचललेल्या नाकाच्या चापड्यावर (हंप-नोज्ड पिट व्हायपर) ती लागू पडत नाही, म्हणून बोट उचलून काठाने नेताना दगडावर हात टेकण्याआधी दगड पाहावा.

## टप्पा 6 : त्या सकाळी पाणी मोजणे

आदल्या रात्रीचा हवामान खात्याचा इशारा पाहावा, आणि तोही आपण उतरणार त्या गावाचा नको, नदी जिथून येते त्या डोंगराचा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अतिजोरदार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत जोरदार’ धरला जातो. वरच्या डोंगराला पहिल्या पायरीचाही इशारा असेल तर घळीत उतरू नये. पोहे खाऊन परत यावे.

काठावर पोचल्यावर प्रवाह मोजावा. सरळ, एकसारखा पट्टा निवडून दहा मीटर अंतर मोजावे, दाणे खाऊन उरलेले भुट्ट्याचे कणीस वरच्या टोकाला पाण्यात टाकावे आणि खालच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते पाहावे. कणीस अर्धे बुडून तरंगते, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. समजा आठ सेकंद लागले, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 1.25 मीटर, तळाशी पाणी हळू जाते म्हणून त्याला 0.85 ने गुणले, तर सुमारे 1.06. पात्र दहा मीटर रुंद आणि सरासरी 0.6 मीटर खोल असेल, तर प्रवाह सेकंदाला साधारण 6.4 घनमीटर झाला, म्हणजे दर सेकंदाला सहा टनांहून जास्त पाणी. तीच नदी त्याच जागी प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहिली, की दोन-तीन मोसमांत ‘आज जास्त आहे’ या शब्दांना अर्थ येतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

यानंतर पाण्याच्या कडेला एक काडी खोचावी आणि वीस मिनिटे तिच्याकडे पाहत बसावे. हे काम सगळ्यांना कंटाळवाणे वाटते. चोरलच्या घळीत एकदा आम्ही काडी खोचून दशम्या सोडल्या होत्या. ऊन पडले होते. आधी पाण्यावर पाचोळा आला, मग बारीक काटक्या आणि पिवळट फेस, आणि पाण्याचा रंग दुधाच्या चहावरून कोऱ्या चहावर गेला. काडी बोटभर बुडाली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, की ती सैल खोचली असेल. आम्ही बोटी उचलून वर चढलो, आणि पाऊण तासाने वरून पाहिले तर ज्या खडकावर बसून खात होतो तो खडक दिसेना. पाताळपाणीला 2011 च्या जुलैत सहलीला आलेली माणसे अशाच लोंढ्यात वाहून गेली होती.

सावधान : काडी बुडत असेल, पाण्यावर पाचोळा आला असेल किंवा नदीचा आवाज जाड झाला असेल, तर यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. दुसरीची वाट पाहू नये.

## टप्पा 7 : नदीत चालण्याचा क्रम

उतरण्यापूर्वी काठावरच खुणा एकदा करून पाहाव्यात. वल्हे उभे धरले म्हणजे ‘या’. आडवे धरले म्हणजे ‘थांबा’. तिरके धरले म्हणजे त्या बाजूने जा. धोक्याकडे वल्हे कधीही दाखवायचे नाही, नेहमी सुरक्षित वाटेकडेच दाखवायचे. एक शिट्टी म्हणजे ‘इकडे पाहा’, तीन म्हणजे संकट. डावा आणि उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवतात. प्रवाहाच्या उलट तोंड करून पाहणाऱ्याने आपला उजवा सांगितला, की घोटाळा झालाच म्हणून समजा.

पुढे सर्वांत अनुभवी माणूस, शेवटी दुसरा अनुभवी माणूस, आणि दोर व प्रथमोपचाराची पेटी शेवटच्याकडे, कारण अपघात झालेल्या माणसापर्यंत वाहत जाता येते, वर चढून जाता येत नाही. पुढच्याने एडीत थांबून पुढची एडी दिसते का ते पाहावे. दिसत असेल तरच तिथवर जावे. ती दिसत नसेल, नदीची रेघ अचानक सरळ आडवी तुटलेली दिसत असेल किंवा पुढच्या झाडांचे फक्त शेंडे दिसत असतील, तर सर्वांनी बोटीतून उतरून काठाने चालत जाऊन पाहावे. बोटीत बसून मान उंच करणे म्हणजे पाहणी नव्हे.

माळव्यात आणि निमाडात आणखी दोन गोष्टींपासून लांब राहावे, त्या म्हणजे स्टॉपडॅम (पाणी अडवायला पात्रात आडवे घातलेले बुटके बंधारे) आणि रपटे (खाली पाइप घातलेले बुटके पूल). स्टॉपडॅमवरून पाणी अगदी सुबक, सारख्या पडद्यासारखे पडते आणि उंची जेमतेम मीटरभर असते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्याखाली काठापासून काठापर्यंत सलग उलटा फिरणारा पट्टा तयार होतो, ज्यातून बोटीला किंवा पोहणाऱ्याला कडेने सुटायला फटच राहत नाही. रपट्याखालच्या पाइपांत तर पाणी ओढून घेते आणि दुसऱ्या तोंडाला काटेरी फांद्या अडकलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी बोट खूप आधी बाहेर काढून काठाने न्यावी. ज्या घळीत मोठा धबधबा असतो, तिथे चमू सावध असतो; माणसे मरतात ती बहुधा या मीटरभराच्या पडद्याखाली.

## टप्पा 8 : धबधबा

पहिला निर्णय काठाने जाण्याचा. धबधब्यावरून जायचे की बोट उचलून न्यायची, याचे मूळ उत्तर ‘उचलून’ हेच धरावे आणि पुढचे प्रश्न एकेक करून सुटले तरच ते बदलावे. उलट केले, म्हणजे ‘जायचेच’ असे धरून कारणे शोधली, तर कारणे नेहमी सापडतात. पाताळपाणीसारखे उंच, उथळ-खडकाळ डोहाचे धबधबे या चर्चेत येतच नाहीत. ते पाहण्यासाठी आहेत.

वरून, बाजूने आणि खालून अशा तिन्ही ठिकाणांहून पाहावे. वरून फक्त ओठ (पाणी जिथून कोसळते ती कड) दिसतो. खालून पाहिल्यावर कळते की पाणी डोहात पडते आहे की मधल्या कपारीवर आपटते आहे, पडद्यामागे गुहा आहे का, आणि डोहातले पाणी बाहेर जाते आहे की भिंतीकडे परत फिरते आहे. कणीस पुन्हा उपयोगी पडते: ते ओठावर सोडून डोहातून किती वेळात सुटते ते पाहावे. ते एक मिनिटभर तिथेच घोळत राहिले, तर माणूसही राहील. डोहाची खोली मेमध्ये मोजलेली नसेल, तर दोराला दगड बांधून खालच्या बाजूने मोजावी. तीही मोजता येत नसेल तर प्रश्न तिथेच मिटला.

उंचीचे गणित मनात असावे. पाच मीटरवरून पडायला एक सेकंद लागतो आणि खाली ताशी सुमारे 36 किलोमीटर वेगाने आपटतो. दहा मीटरवरून तो वेग 50 होतो. सुमारे चार मीटरपर्यंत ओठावर एक जोरदार वल्हे मारून नाक वर उचलतात आणि बोट फेसाळ पाण्यात सपाट उतरवतात, याला बूफ म्हणतात. त्याहून उंचावर तीच सपाट उतरण कणा मोडते. तिथे बोटीचे नाक खाली घालून, अंग पुढे वाकवून, वल्हे बोटीला समांतर एका बाजूला धरून पाण्यात शिरावे लागते; वल्हे तोंडासमोर आडवे राहिले तर दात किंवा नाक जाते. 2009 मध्ये अमेरिकेत पलूस धबधब्यावरून 189 फूट खाली उतरलेल्या टायलर ब्रॅडट या कयाकपटूचा कणा 2011 मध्ये त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीच्या धबधब्यावर मोडला. चित्रफीत पाहून निघालेल्यांनी दुसरी घटनाही लक्षात ठेवावी.

मग माणसे उभी करावीत. डोहाच्या खालच्या तोंडाला एक जण बोटीत तयार, एक जण थ्रो बॅग घेऊन काठावर पाय घट्ट रोवून, आणि एक ओठाजवळ खूण द्यायला. खालची माणसे काठाने उतरून जागेवर पोचल्याची खूण मिळेपर्यंत वरच्याने बोटीत बसूही नये. एका वेळी एकच बोट. पहिली डोहातून पूर्ण बाहेर पडून बाजूला लागेपर्यंत दुसरी निघत नाही.

तपासणी : जाणाऱ्याने आपली वाट मोठ्याने बोलून दाखवावी: ‘उजव्या दगडाच्या हातभर डावीकडून, ओठावर डावे वल्हे, उतरल्यावर डाव्या एडीत.’ बोलताना अडखळला, तर त्याने बोट उचलून न्यावी. त्याला कोणीही कारण विचारू नये, आणि हा नियम इंदुरातच ठरवून निघावे. ओठावर उभे राहून तो ठरत नाही.

## टप्पा 9 : बिघडले तर

बोटीतून बाहेर पडलेल्या माणसाने उताणे, पाय पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून वाहावे. गुडघ्याहून खोल वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये; पाऊल दगडाच्या फटीत अडकले की पाणी माणसाला पुढे लोटून तोंड पाण्याखाली दाबते. एकच अपवाद: पुढे आडवे झाड किंवा फांद्यांचे जाळे असेल, तर पालथे होऊन, डोके पुढे करून जोरात पोहावे आणि त्यावर चढावे. खालून जायला जागा असेलसे वाटते, ती नसते.

दोर फेकणाऱ्याने आधी नावाने हाक मारावी, मग फेकावा. पकडणाऱ्याने दोर खांद्यावरून छातीशी धरावा, पाठ दोराकडे करावी. तो मनगटाला किंवा कंबरेला कधीही गुंडाळू नये.

बोट खडकांत अडकली आणि माणूस आत असेल, तर पहिले काम त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे, दुसरे बोट आणखी सरकू न देण्याचे आणि तिसरे ती काढण्याचे. दोन पुली व प्रुसिक लावून केलेल्या झेड ओढणीने (दोर Z आकारात फिरवून ओढण्याची रचना) ताकद तत्त्वतः तिप्पट होते, पण ती लावायला दहा मिनिटे लागतात. ही ओढणी घरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधून, डोळे मिटून जमेपर्यंत करावी.

## टप्पा 10 : बाहेर पडल्यावर

ठरलेल्या जागी पोचल्यावर कपडे बदलण्याआधी इंदुरातल्या माणसाला फोन करावा. रेंज नसेल तर गाडीवाल्याला रेंजपर्यंत पाठवावे. हातपाय साबणाने धुऊन प्रत्येक खरचटण्यावर औषध लावावे आणि जळवा सोडवताना ओढून काढू नयेत, नखाने तोंडाशी सरकवाव्यात. थ्रो बॅग घरी रिकामी करून दोर सावलीत वाळवावा, कारण ओला भरलेला दोर पुढच्या वेळी पिशवीतून गठ्ठ्याने बाहेर पडतो. पाण्याची मोजणी, काडीची वेळ आणि ज्या ज्या जागी बोट उचलून न्यावी लागली त्या जागा त्याच रात्री वहीत लिहाव्यात. पुढचे तीस दिवस कोणालाही ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरकडे जाऊन पहिल्याच वाक्यात सांगावे की पावसाळ्यात नदीत उतरलो होतो. नाहीतर तपासणी डेंग्यू-मलेरियाची होते आणि लेप्टोची राहून जाते.